रिकाम्या ओळी वगळा

३ तारीख, मंगळवार

डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ही वहीसुद्धा लिहून दिली. म्हणाले, "राग आला की तोंड उघडू नका, लिहून काढा." बायको शेजारीच बसली होती. म्हणाली, "मग दोनशे पानी घ्यावी लागेल." डॉक्टर हसले. मी दोनशे पानी घेतली.

तर आजचा राग. आमचं कार्यालय कामगारांच्या तब्येतीची पाहणी करतं आणि मी त्यातला आकडेवाला. गावाबाहेरच्या फरशीच्या कारखान्याची पाहणी नुकतीच संपली. तिथल्या कटाई शेडमध्ये दगड कोरडाच कापतात, पाणी न मारता, आणि ती धूळ माणसांच्या छातीत जाते. आमच्या नर्सबाईंनी प्रत्येक कामगाराला नळीत फुंकायला लावून श्वास मोजला. समितीने आधीच ठरवून ठेवलंय की ज्या विभागात शंभरातल्या पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसांचा श्वास 'गंभीर' गटात निघेल, तिथलं कोरडं काम पाण्याची लाइन बसेपर्यंत बंद. अहवाल वीस तारखेला द्यायचा, बैठक सव्वीसला.

समितीला तक्ते वर्डच्या फाइलमध्येच हवेत. ठीक आहे. त्यासाठी मी गेल्या वर्षी तीन महिने खपून कोड लिहिला. बटण दाबलं की तो नोंदी वाचतो, मोजतो, टक्के काढतो आणि रेघा, शीर्षक, तळटीप अशा सगळ्या लवाजम्यासकट तयार तक्ता वर्डमध्ये नेऊन ठेवतो. चाळीस सेकंदांत. मधे माणसाचा हात नाही. आणि हे सगळं बघून मोठे साहेब काय म्हणाले? "छान. पण एकदा अक्कांच्या नजरेखालून जाऊ द्या."

अक्का म्हणजे आमच्या टायपिस्ट. या एकतीसला निवृत्त होतायत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या तक्त्यात अठराचे एक्क्याऐंशी केले आणि भर बैठकीत माझी शोभा झाली. त्या दिवशी मी त्यांना सगळ्यांदेखत झाप झाप झापलं. तेव्हापासून 'हो सर'च्या पलीकडे त्या माझ्याशी बोलत नाहीत. तो कोड मी कुणाच्या नजरेखालून जाऊ नये म्हणूनच लिहिला, हे साहेबांना कोण सांगणार!

४ तारीख, बुधवार

आज कोडवर राग. चालवला की लाल अक्षरांत काहीबाही सूचना ओकतो. हे जुनं झालंय, ते वगळलंय, इकडे लक्ष द्या, तिकडे लक्ष द्या. तक्ता तर ठीक येतोय, मग ही कटकट कशाला? एक ओळ लिहून सगळ्या सूचना बंद करून टाकल्या. आता गपगुमान चालतो. माणसांनाही अशी सोय हवी होती.

५ तारीख, गुरुवार

संध्याकाळी ताईचा फोन. भाऊजी त्याच कटाई शेडमध्ये आहेत, बावीस वर्षं झाली. हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलंय आणि साहेब म्हणाले होते, फॉर्मवर नाव नसतं, क्रमांक असतो, तेव्हा काही अडचण नाही.

ताई म्हणाली, "अरे, ह्यांना त्या नळीत फुंकायलाच जमलं नाही म्हणे. छातीत सर्दी भरलीय. बाईंनी 'राहू द्या' म्हटलं आणि पुढच्याला बोलावलं. मग ह्यांचं राहिलं तर नाही ना मोजायचं?"

मी म्हटलं, "ताई, मी नावं बघत नाही. मी रकाने बघतो."

"तसं नाही रे, एक फुंकायला पुन्हा बोलावतात का, एवढंच विचारतेय."

"हे माझं काम नाही. आणि तू मला यात घालू नकोस. उद्या कुणी म्हणायला नको की मी घरच्यांसाठी आकडे फिरवले."

तिने फोन ठेवला. तिला काय, फोन उचलायचा आणि भावाला कामाला लावायचं. मी लहान होतो तेव्हाही असंच.

९ तारीख, सोमवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. रक्तदाब मोजायला नको, कानशिलं सांगतायत.

तक्ता क्रमांक चार, कटाई शेडची ओळ. माझ्या कोडने दिलेलं: तपासलेले ५५, गंभीर १३, टक्के २३.६. शुक्रवारी मी ही फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. आज उघडतो तर: ६४, २२, ३४.४. तीन घरं, तिन्ही बदललेली! फाइल शेवटी कुणी जतन केली ते वर्ड सांगतं. अक्कांनी.

म्हणजे या बाईने माझ्या तक्त्यात हात घातला. एखादा आकडा उलटा पडला असता तर समजू शकलो असतो, पण हिने टक्केवारीसुद्धा स्वतः काढून घातलीय. तीही बरोबर भागाकार करून.

मी काही बोललो नाही (डॉक्टर, हे लक्षात घ्या). बटण दाबलं. चाळीस सेकंदांत तक्ता पुन्हा जागेवर. तेवीस पूर्णांक सहा.

एक गोष्ट खरी की आकडा पंचविसाच्या अलीकडे थोडक्यात राहिलाय. म्हणजे शेड चालू राहणार. ताईचा विचार मनात येऊन गेला. पण आकडा तो आकडा.

११ तारीख, बुधवार

पुन्हा ६४, २२, ३४.४. पुन्हा बटण. पुन्हा ५५.

दुपारी दफ्तरखान्यात गेलो तर अक्का आणि दफ्तरी समोरासमोर बसलेले. मधे कागदी फॉर्मांचे गठ्ठे. या त्यांच्या जुन्या पद्धतीचं काय वर्णन करावं! अक्का एकेक फॉर्म उचलून मोठ्याने वाचतात, "कटाई, सदतीस," आणि दफ्तरी वहीत खूण करून म्हणतो, "आहे." "कटाई, अडतीस." "आहे." तीस वर्षं हेच. मी दारात दोन मिनिटं उभा राहिलो. जे काम चाळीस सेकंदांत होतं त्यासाठी दोन पगारी माणसं दुपारभर पाढे म्हणतायत. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दार आपटलं.

१२ तारीख, गुरुवार

तोंड उघडलं. डॉक्टर, माफ करा.

अक्कांना टेबलाशी बोलावलं आणि म्हटलं, "माझ्या तक्त्याला हात लावायचा तुम्हाला अधिकार कुणी दिला?"

त्या म्हणाल्या, "सर, कटाईचे फॉर्म चौसष्ट आहेत."

"फॉर्म किती आहेत ते मला शिकवू नका. नोंदी कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि कॉम्प्युटरला मोजता येतं."

"पण सर, त्यातल्या नऊ जणांच्या..."

"पण नाही आणि बिण नाही! एकदा अठराचे एक्क्याऐंशी केलेत तेवढे पुरे झाले. जाताजाता तरी मला सुखाने काम करू द्या!"

सगळं कार्यालय माना खाली घालून टाइप करायला लागलं, ज्यांच्यापुढे कॉम्प्युटर नाही तेसुद्धा. अक्का "हो सर" म्हणाल्या आणि गेल्या. नंतर त्या साहेबांच्या केबिनमध्येही जाऊन आल्या. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तुमचं तुम्ही दोघं आपसात बघा. मला वीस तारखेला अहवाल हवा." आमचे साहेब म्हणजे कुठलीही गोष्ट आपसात बघायला देणारा माणूस.

१६ तारीख, सोमवार

साहेबांना आता संख्या आणि टक्के एकाच घरात हवेत, कंसात. मग म्हणाले, रकाने उलटे करा. मग म्हणाले, शीर्षक ठळक. मग म्हणाले, पहिलं होतं तेच बरं होतं. चारदा बटण दाबलं, चार तक्ते. अक्कांनी टाइप केले असते तर चार दिवस गेले असते, हे मी साहेबांना ऐकवलं. साहेब म्हणाले, "चार दिवस लागले असते तर मीच चारदा बदललं नसतं."

फाइल उघडली तर पुन्हा ३४.४. बाई चिवट आहे.

मीही काही कमी नाही. कोडमध्ये बदल केला. आता तक्ता वर्डमध्ये तक्ता म्हणून जातच नाही, चित्र म्हणून जातो. फोटोसारखा. त्यात कर्सर शिरत नाही, आकडा खोडता येत नाही. या आता.

१९ तारीख, गुरुवार

त्या आल्याच!

सहीसाठी छापील प्रत माझ्या टेबलावर आली. तक्ता चार बघतो तर कटाईच्या ओळीवर कागदाची पांढरी पट्टी चिकटवलेली. नखाएवढी, कात्रीने सरळ कापलेली, आणि तिच्यावर टाइप केलेलं: ६४ २२ ३४.४. माझ्याच तक्त्याच्या अक्षरात, माझ्याच मापात, रेघेला रेघ जुळवून. एवढी सफाई की मला आधी दिसलीच नाही.

मी ती नखाने खरवडून काढली. मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक नऊ आकडे लिहिले होते, एखादा फोन नंबर असावा. चुरगळून टोपलीत टाकली आणि नवी प्रत काढली. माणसाने किती सोसायचं? उद्या अहवाल जाईल आणि सुटेन.

२० तारीख, शुक्रवार

अहवाल गेला. तेवीस पूर्णांक सहा. सही माझी. बायकोने रक्तदाब मोजला, चक्क कमी आला.

२२ तारीख, रविवार

कमी आलेला परत वर गेला. ताईचा फोन.

"शेडला काही होणार नाही असं ऐकलं. खरं का?"

"अहवाल समितीकडे आहे. मला बोलता येत नाही."

"बरं नको बोलू. ह्यांची ती सर्दी हटतच नाहीये. रात्री बसून झोपतात, आडवं झालं की खोकला. एकदा येऊन बघून तरी जा. तुझं ऐकतील."

"ताई, मी डॉक्टर आहे का?"

"नाहीस. मेहुणा आहेस," ती म्हणाली आणि या खेपेला फोन तिने आपटला.

आमच्या घरात आपटायची सवय सगळ्यांनाच आहे, हे बायकोचं मत. मी फोनकडे बघत बसलो. जायला हवं होतं, हे कळतं. जाऊन काय सांगू?

२४ तारीख, मंगळवार

आज कुणावर रागवायचं तेच कळत नाहीये, तरी लिहितो.

सकाळी नर्सबाई आल्या. एरवी त्या बाहेरगावी दौऱ्यावर असतात. अक्कांनी त्यांना फोन करून बोलावून घेतलं होतं. बसल्या नाहीत, नमस्कार नाही, काही नाही. माझ्या टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, "माझी नऊ माणसं कुठे गेली?"

"कसली माणसं?"

"कटाई शेडची. मी चौसष्ट जणांना तपासलं. तुमच्या तक्त्यात पंचावन्न. बाकीची काय मी घरी नेली?"

मीही आवाज चढवला. त्यांनी माझ्यापेक्षा चढवला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडलं असेल. मग त्यांनी नऊ फॉर्म माझ्यापुढे एकेक करून टाकले. ज्या घरात श्वासाचा आकडा लिहायचा ते घर नऊच्या नऊ फॉर्मांवर रिकामं. समासात त्यांच्या अक्षरात: 'तीन वेळा प्रयत्न. खोकल्याची उबळ. फुंकणे शक्य नाही.'

"आकडाच नाही तर मी मोजू काय?" मी म्हटलं.

"नियम सात," त्या म्हणाल्या.

पाहणीची नियमपुस्तिका काढली. नियम सात: 'तीन प्रयत्नांनंतरही कामगार फुंकू न शकल्यास त्याची नोंद गंभीर गटात धरावी.' ती पुस्तिका मीच लिहिली आहे. गेल्या वर्षी, याच टेबलावर.

कोड उघडला. वरून बाराव्या ओळीत लिहिलेलं: रिकाम्या ओळी वगळा. ही ओळ मी एका जुन्या कामातून उचलून इथे डकवली होती. तिथे रिकामी ओळ म्हणजे खरंच रिकामी ओळ असायची. इथे ती म्हणजे ज्याला फुंकताही येत नाही असा माणूस. सगळ्यात जास्त आजारी होते त्यांनाच नेमकं उचलून मी बाहेर ठेवलं आणि उरलेल्यांचे टक्के काढले. लाल सूचना पुन्हा चालू करून कोड चालवला. पहिलंच वाक्य आलं: ९ ओळी वगळल्या. हे तो मला पहिल्या दिवसापासून सांगत होता.

बारावी ओळ काढली, नियम सात घातला. चाळीस सेकंद. ६४, २२, ३४.४.

मग फॉर्म उचलून गठ्ठा नीट करायला गेलो. पट्टीमागचे नऊ आकडे म्हणजे फोन नंबर नव्हता, या नऊ फॉर्मांचे क्रमांक होते. फॉर्मवर नाव नसतं, पण खाली संमतीची सही असते. एक्केचाळीस नंबरच्या फॉर्मवर भाऊजींची सही आहे. पहिल्या अक्षराला ते वर मोठा वळसा देतात, माझ्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून तशीच आहे. वय चोपन्न, काम बावीस वर्षं. समासात नर्सबाईंची आणखी एक ओळ: 'घरी सांगू नका म्हणाले.'

ताईने मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. फुंकता आलं नाही म्हणाली होती. मी म्हटलं, मी रकाने बघतो! कसले रकाने बघतो मी, गाढव!

२५ तारीख, बुधवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"दुरुस्तीपत्र देऊ," म्हणाले. "टंकलेखनाच्या चुकीमुळे तक्ता चारमध्ये कमी संख्या छापली गेली, असं. एका ओळीचं काम."

"चूक टंकलेखनाची नाही सर. कोडची आहे. माझी."

"अहो, कोड चुकला म्हटलं की त्याच कोडने केलेले गेल्या वर्षभरातले सगळे अहवाल लोक उकरून काढतील. कार्यालयाचं काय राहील? टायपिंगची चूक सगळ्यांकडून होते. आणि अक्का या एकतीसला निवृत्तच होतायत, त्यांना काय फरक पडतो? आकडा दुरुस्त होणं महत्त्वाचं ना? होतोय की."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. नेमकं नको तेव्हा मला डॉक्टरांचं ऐकता आलं.

पत्र अक्कांनीच टाइप केलं. 'टंकलेखनाच्या चुकीमुळे' हे शब्द त्यांनी स्वतःच्या बोटांनी टाइप केले, जोडाक्षरांसकट शुद्ध, आणि सहीला माझ्यापुढे आणून ठेवले. मी सही केली.

हो, केली. माझ्याच वहीत कशाला लपवू? मनाला समजावलं की शेड बंद होणं महत्त्वाचं, भाऊजी मोजले जाणं महत्त्वाचं. सही करून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, आरशात बघितलं नाही. संध्याकाळभर बायकोवर चिडचिड केली. ती म्हणाली, "वहीत लिहून ये, मग बोल." आलो.

२६ तारीख, गुरुवार

बैठक. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. मधे समितीच्या अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला आम्ही, समोर कारखान्याचे वकील. मूळ फॉर्म घेऊन अक्का भिंतीकडच्या खुर्चीवर, मांडीवर गठ्ठा.

साहेबांनी दुरुस्तीपत्र वाचलं. वकील हसले. छान माणूस, अत्यंत गोड बोलणारा. म्हणाले, "अध्यक्षबाई, टायपिंगची चूक मी समजू शकतो. तीनचे आठ होतात. पण टायपिंगमध्ये नऊ माणसं वाढतात? ती नेमकी आजारीच वाढतात? आणि नेमका पंचविसाचा आकडा ओलांडला जातो? या टायपिस्टबाईंना हा बदल कुणी करायला सांगितला, एवढंच मला विचारायचंय."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "टायपिस्ट आल्या आहेत का?"

अक्का उभ्या राहिल्या. गठ्ठा छातीशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, साहेबांकडेही नाही. सरळ अध्यक्षबाईंकडे बघून म्हणाल्या, "हो, मी."

माझ्या कानशिलात जे सुरू झालं ते कुठल्याही गोळीने थांबलं नसतं. मी उठलो तेव्हा खुर्ची मागे पडली.

"बसा अक्का," मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा आला. "यांची काही चूक नाही. पत्र खोटं आहे आणि त्यावर सही माझी आहे. माझ्या कोडमध्ये एक ओळ आहे, रिकाम्या ओळी वगळा. मी ती घातली आणि नऊ माणसं वगळली. यांनी तीनदा दुरुस्त केलं, मी तीनदा पुसलं. चौथ्यांदा त्यांनी पट्टी चिकटवली, ती मी फाडली."

साहेब माझी बाही ओढत होते. मी हिसडा दिला.

वकिलांचा गोडवा तसाच. "आपले एक नातलग याच शेडमध्ये आहेत ना? त्या नऊ जणांत तेही असतील कदाचित?"

"आहेत. माझ्या बहिणीचे यजमान."

"झालं तर मग." त्यांनी हात पसरले.

"झालं काय? त्यांना काढा!" मी ओरडलो. "काढून टाका त्यांना! एकवीस भागिले त्रेसष्ट. तेहतीस पूर्णांक तीन. तरीही पंचविसाच्या वरच आहे. अजून कुणाला काढायचंय ते सांगा, मी करतो भागाकार!"

भाऊजींना मी दुसऱ्यांदा वगळलं, या वेळी मोठ्याने.

अध्यक्षबाईंनी मला बसायला सांगितलं. मग अक्कांकडून ते नऊ फॉर्म मागून घेतले आणि एकेक करून समासातल्या ओळी वाचल्या, ओठ न हलवता. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग म्हणाल्या, "सोमवारपासून कोरडी कटाई बंद. पाण्याची लाइन बसली की कळवा." आणि साहेबांकडे बघून, "या कोडचे सगळे जुने तक्ते हाताने पडताळून पाहिजेत. दोन महिन्यांत."

जिन्यात साहेब म्हणाले, "तुम्ही मला बुडवलंत." मी म्हटलं, "आपसात बघू." आता माझ्यावर चौकशी बसेल म्हणतात. बसू दे.

२७ तारीख, शुक्रवार

दफ्तरखान्यात गेलो. अक्का टेबलाचा खण रिकामा करत होत्या. मी तीस वर्षांत माफी मागितलेली नाही, कशी मागतात ते आठवेना. म्हटलं, "अक्का, काल तुम्ही 'हो, मी' का म्हणालात?"

"त्यांनी विचारलं, टायपिस्ट आल्यात का. आले होते."

"माझं चुकलं."

त्यांनी खणातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. दोन वर्षांपूर्वीचा, माझ्या हस्ताक्षरातला तक्ता, ज्यावरून त्यांनी टाइप केलं होतं. त्यात एक्क्याऐंशी लिहिलंय. मी, माझ्या पेनने.

"हा तेव्हाच का नाही दाखवलात?" मी ओरडलोच. काय करू, सवय.

"तुम्ही ओरडत होतात," त्या म्हणाल्या. "आत्ताही ओरडताय."

मी खाली बसलो. जुने तक्ते पडताळायचे आहेत, मला ते मोठ्याने वाचून दाखवायचं शिकवाल का, असं विचारलं. म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत आहे मी. आधी आवाज खाली आणा, दफ्तरी घाबरतो." दफ्तरी कपाटामागे उभा होता. मी अर्धा दिवस "आहे, आहे" म्हणत खुणा केल्या. दोनदा चुकलो.

२९ तारीख, रविवार

ताईकडे गेलो. चार महिन्यांनी. भाऊजी खिडकीशी खुर्चीत, पाठीला दोन उशा. ताई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. शेड बंद झाल्याची बातमी त्यांना कळली होती.

"तू फार आरडाओरडा केलास म्हणे," भाऊजी म्हणाले. हसले आणि हसण्याने त्यांना धाप लागली. मी वाट बघितली. मग त्यांनी हळूच विचारलं, "सही पाहिलीस माझी?"

"पाहिली."

"बाईंनी बाजूला लिहिलंय ना, घरी..." श्वास. "घरी सांगू नका म्हणून."

"लिहिलंय. किती दिवस सर्दी सर्दी करणार आहात?"

"निभावलंय रे वर्षभर." श्वास. "तिला कळलं की ती..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. हाताने खूण केली, राहू दे.

मला त्या माणसाचा असा राग आला की काय सांगू. मी वगळलं ते नकळत. हे स्वतःला जाणूनबुजून वगळत होते, स्वतःच्याच घरात. ओरडणार होतो, पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसावर ओरडवेना.

ताई चहा घेऊन आली. "काय कुजबुज चाललीय?"

भाऊजी माझ्याकडे बघत होते. सांगू नकोस, असं डोळ्यांनी.

"ताई, सर्दी नाहीये," मी म्हटलं. "भाऊजींचा श्वास गंभीर गटात आहे. धुळीने. त्यांना वर्षभर माहीत आहे."

तिने ट्रे खाली ठेवला. मला वाटलं, आता आपटेल, ओरडेल, आमच्या घरचीच ती. पण ती नुसती उभी राहिली. मग भाऊजींना म्हणाली, "जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून तुम्ही बुटाची नाडी बांधता. रोज. मला वाटायचं, या माणसाची नाडी रोज तिथेच कशी सुटते."

भाऊजींनी मान खाली घातली.

"मी नवी नाडी आणून ठेवली होती," ती म्हणाली. "दोन जोड."

मग ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "उद्या सुट्टी टाक. यांना छातीच्या दवाखान्यात न्यायचंय. आठला ये."

"येतो."

"मला उतरताना काही होत नाही," भाऊजी म्हणाले. "नुसतं चढतानाच जरा."

"मग चढताना मीपण थांबेन दुसऱ्या मजल्यावर," ती म्हणाली. "खाली वाकायचं नाही. वाकलात तर बघा."

मी चहाचा कप उचलला. चहा निवला होता, तसाच प्यायलो.